लालाशेजारी हिरवा

पोळ्याच्या सुट्टीत मी वाशिम जिल्ह्यातल्या आसेगावला आत्याकडे गेले होते. सोबत एक पुस्तक, रंगीत कागदांचा गठ्ठा आणि इंटरनेटवरून उचललेला एक तयार उपक्रम. आधी गोष्ट वाचायची, मग तिच्यावर चित्र करायचं आणि त्यातून मुलांना पूरक रंग शिकवायचे. ओसरीवर गल्लीतली सात पोरं जमली.

पुस्तक होतं लिओ लिओनी यांचं १९५९ सालचं ‘लिटल ब्लू अँड लिटल यलो’. प्रवासात नातवंडांना रमवायला लिओनींनी मासिकाची पानं फाडून ही गोष्ट रचली होती. निळा ठिपका आणि पिवळा ठिपका एकमेकांना मिठी मारतात, हिरवे होतात आणि मग त्यांचे स्वतःचे आईबापच त्यांना ओळखत नाहीत. मी मराठीत सांगत गेले, पोरं गप्प ऐकत होती. मग मी रंगचक्र काढलं : लालासमोर हिरवा, निळ्यासमोर नारिंगी, पिवळ्यासमोर जांभळा. अर्ध्या तासात सातही चित्रं बरोबर झाली. “निळ्याच्या बाजूला नारिंगीच का?” मी विचारलं. उत्तर आलं, “चाकावर समोर हाय म्हून.”

म्हणजे पाढा पाठ झाला होता. रंग कोणी पाहिलाच नव्हता.

पुस्तकावर आधारित चित्र-उपक्रमांचा आता सुकाळ आहे. तुमच्या फोनवरही रोज दोनचार येत असतील. त्यांना मी आता एकच प्रश्न विचारते : पुस्तक बदललं तर उपक्रम बदलेल का? माझा बदलला नसता. लिओनींची गोष्ट रंग मिसळण्याची आहे आणि ओळख हरवण्याची. समोरासमोरच्या रंगांचा धडा मी तिच्यावर बाहेरून चिकटवला. त्यात गोष्टही वाया गेली आणि रंगही.

दुसऱ्या दिवशी चाक बाजूला ठेवलं. लाल कागदाचा तुकडा अर्धा मिनिट टक लावून पाहायचा आणि लगेच चुन्याच्या भिंतीकडे बघायचं. ओसरीवर एकच आरडाओरडा झाला. भिंतीवर निळसर हिरवा तुकडा तरंगत होता. लाल पाहून डोळ्यातल्या पेशी थकतात, मग पांढऱ्यातला उरलेला भाग जास्त दिसतो. पूरक रंग असा आपल्याच डोळ्यात तयार होतो.

मग पिवळा कागद घेतला. एक मुलगी म्हणाली, “जांभळं नाही, निळं दिसून राह्यलं.” मी पटकन म्हणाले, “नीट बघ, जांभळंच असेल.” ती पुन्हा बघून आली. “निळंच हाय.”

ती बरोबर होती. मीही पाहिलं, निळाच होता. शाळेतलं चाक लाल-पिवळ्या-निळ्या रंगकांड्यांच्या हिशेबावर बेतलेलं आहे. तुमच्या हातातल्या पडद्यावर बारीक ठिपके असतात लाल, हिरवे, निळे; तिथे पिवळ्याचा जोडीदार निळाच. शाळेत आपल्यापैकी कोणी पिवळ्यासमोर निळा लिहिला असता, तर फुली मिळाली असती. त्या दिवशी ती फुली माझ्याच हातात होती. आठ-नऊ वर्षांच्या पोरीला स्वतःच्या डोळ्यावर अविश्वास ठेवायला शिकवणं किती सोपं असतं, हे तेव्हा कळलं.

हा नियम मुळात चाकातून आलेलाच नाही. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार होती. रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांना दोष रंगात नव्हे, शेजारच्या धाग्यात सापडला. त्यांचं पुस्तक १८३९ सालचं. आधी कोणाच्या तरी डोळ्याला खटकलं, नियम मागून आला.

आणि आपल्याला पॅरिसला जायचीही गरज नाही. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्याच शाखेच्या हरिषेण राजाच्या काळात, पाचव्या शतकात, अजिंठ्याची बरीच लेणी रंगली. गेरूचा लाल, हिरव्या मातीचा हिरवा, आणि भिंतभर जातककथा. गोष्टीतून चित्र करण्याचा याहून मोठा उपक्रम कोणता? तिथे रंग कथेला चिकटवलेला नाही. रंग काढून घेतला तर कथाच उरत नाही.

माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेल्या ‘वाचू आनंदे’मध्ये उताऱ्यांसोबत चित्रकारांची चित्रं येतात, ती मला याच कारणासाठी आवडतात. चित्र तिथे धड्याचं गाठोडं वाहत नाही. ते स्वतंत्रपणे वाचायचं असतं.

पोळ्याच्या दिवशी त्या मुलीने मातीच्या बैलाची शिंगं लाल रंगवली आणि बैलामागचा कागद हिरवा केला. “शिंगं लई चमकून राह्यले,” ती म्हणाली. का, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.