दीर्घ एक्स्पोजरचा समुद्र : शांतता आणि श्रमाचा लोप

छायाचित्र म्हणजे थिजवलेला क्षण, ही व्याख्या आपण सहज स्वीकारतो. समुद्रकिनारी दीर्घ एक्स्पोजरने घेतलेली छायाचित्रे मात्र तीत बसत नाहीत. शटर अर्धा मिनिट किंवा काही तास उघडे राहिले की असंख्य लाटा एकाच चौकटीत साठतात. पाण्याचे धुके होते. खडक, खांब, धक्के तेवढे ठसठशीत उरतात. ही शांतता कशाच्या मोबदल्यात लाभते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आरंभीच्या छायाचित्रकारांना दीर्घ एक्स्पोजर ही अडचण होती. दागेरने १८३८ मध्ये पॅरिसमधील एका वर्दळीच्या रस्त्याचे चित्र घेतले. एक्स्पोजरला काही मिनिटे लागल्याने चालती माणसे व गाड्या त्यात उमटल्याच नाहीत. बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी उभा राहिलेला एक इसम तेवढा स्पष्ट दिसतो. त्याच्या पायाशी काम करणारी आकृती तुलनेने पुसट आहे. गुस्ताव्ह ल ग्रे याची धडपड उलट दिशेची होती. १८५७ मध्ये सेत येथे त्याने उसळती लाट थिजवली. तत्कालीन कलोडियन काचा निळ्या प्रकाशाला अधिक संवेदनशील असल्याने समुद्र नीट उमटला की आकाश पांढरे पडे. म्हणून दोन स्वतंत्र निगेटिव्ह क्षितिजरेषेवर जोडून त्याने ते चित्र सिद्ध केले. तात्पर्य, समुद्राचे छायाचित्र आरंभापासूनच रचलेले आहे.

आज ही अडचण शैली झाली आहे. प्रकाश सुमारे हजारपटीने घटविणारा एनडी फिल्टर भिंगापुढे लावला की सेकंदाच्या तिसाव्या भागाऐवजी सुमारे अर्ध्या मिनिटाचे एक्स्पोजर देता येते. परंतु जेथे निवड आहे तेथे उत्तरदायित्वही आहे.

या संदर्भात दोन छायाचित्रकारांची तुलना उद्बोधक ठरते. हिरोशी सुगिमोतो यांची समुद्रचित्रांची मालिका १९८० मध्ये सुरू झाली. क्षितिज मध्यावर, वर आकाश, खाली पाणी. किनारा, नाव, माणूस काहीच नाही. आदिमानवाने पाहिलेले दृश्य आजचा माणूस पाहू शकेल काय, हा तिच्यामागील प्रश्न आहे. यांतील अनेक चित्रांत पाण्यावरील तरंग स्पष्ट दिसतात, हे येथे नमूद केले पाहिजे. म्हणजे चिरंतनतेचा प्रत्यय पाणी पुसट केल्यानेच येतो असे नाही. सुगिमोतो माणसाला चौकटीबाहेर ठेवतात, आणि ते उघडपणे ठेवतात. मायकेल केन्ना यांच्या रात्रीच्या चित्रांत शटर कधी कधी कित्येक तास उघडे असते. तेथे माणूस नसतो, पण त्याने रोवलेले खांब आणि बांधलेले धक्के असतात. त्या खुणांमुळे त्यांची शांतता पोकळ वाटत नाही. त्यांचे अनुकरण करणाऱ्या बहुसंख्य चित्रांत मात्र हा तोल सुटतो आणि धुके हीच एकमेव आशयवस्तू उरते.

हा प्रश्न आपल्या किनाऱ्यालाही लागू आहे. कोकणात रापण ओढताना समुद्रात सोडलेल्या जाळ्याची दोन टोके किनाऱ्यावरील माणसांचे दोन गट ओढत आणतात. या दृश्याला अर्ध्या मिनिटाचे एक्स्पोजर दिले तर वाळूवर ओढून ठेवलेली होडी रेखीव राहील आणि ओढणारे हात विरून जातील. अशा चित्राचा हेतू वृत्तांकनाचा नसतो, हा आक्षेप रास्त आहे. तरीही दागेरच्या चित्राने दाखविलेला नियम येथेही लागू होतो: जो थांबू शकतो तो उमटतो, ज्याला हलावेच लागते तो पुसला जातो. किनाऱ्यावर हलावे लागणारा बहुधा कष्टकरीच असतो.

म्हणून दीर्घ एक्स्पोजर असत्य ठरत नाही. त्यात प्रत्येक लाटेचा प्रकाश जमा झालेला असतो. मात्र कालावधी किती ठेवावा, हा केवळ तांत्रिक निर्णय नव्हे. तीस सेकंदांऐवजी एक-दोन सेकंदांचे एक्स्पोजर दिले तर पाणी मवाळ होईल, आणि दोर ओढणाऱ्यांची पुसट का होईना, पण आकृती उरेल. त्या पुसटपणात काळही आहे आणि माणूसही. समीक्षकाने अशा चित्रापुढे उभे राहताना, येथे काय स्थिर आहे याबरोबरच येथून कोण नाहीसे झाले आहे, हेही विचारावयास हवे.