अनुज्ञात उपहास : ‘भूमिपुत्र’, सोंगाड्या आणि शेलापागोटे

ऑक्सफर्ड येथे सतराव्या शतकात, जुलै महिन्यातील पदवी-समारंभात, गंभीर वादविवादांच्या मध्येच ‘टेरे फिलिअस’ नावाचा वक्ता उभा राही आणि विद्यापीठातील थोरामोठ्यांची टर उडवी. केंब्रिजमध्ये हेच काम ‘प्रिव्हॅरिकेटर’कडे असे. ‘टेरे फिलिअस’ म्हणजे शब्दशः भूमीचा पुत्र. परंतु लॅटिनमध्ये त्याचा रूढार्थ, ज्याच्या कुळाचा पत्ता नाही असा मनुष्य. आजच्या मराठीत ‘भूमिपुत्र’ हा हक्क सांगणारा शब्द आहे. तेथे तो हक्क नसल्याची खूण होता. गंमत अशी की, हे नाव धारण करणारा वस्तुतः विद्यापीठाचाच पदवीधर असे, आणि त्याची निवड प्रॉक्टर हे शिस्तीचे अधिकारीच करीत. हीनकुलत्व हे त्याचे सोंग होते.

महाराष्ट्रात या वक्त्याचा सगा शोधावयाचा तर तमाशाच्या सोंगाड्याकडे जावे लागते. डिंगोरे ज्या जुन्नर तालुक्यात मोडते, त्याच तालुक्यातील नारायणगाव ही तमाशाची मोठी पेठ. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच येऊन यात्रेची सुपारी देतात. म्हणजे रात्री ज्यांच्यावर कोटी व्हावयाची, खेळ ठरविणारेही तेच. गवळणीत पेंद्या होऊन सोंगाड्या कृष्णाची थट्टा करतो, वगात शिपाई होऊन राजाची, आणि राजाचे निमित्त करून पुढे बसलेल्या पाटलाची. साम्य मात्र येथेच संपते. जुन्या फडांतील सोंगाड्या बहुधा महार, मांग अशा समाजांतून आलेला असे. हीनत्वाचे सोंग घेण्याची त्याला गरज नव्हती. ते गावाने त्याच्यावर आधीच लादलेले होते. ऑक्सफर्डच्या वक्त्याने मर्यादा ओलांडली तर त्याचे विद्यापीठातील स्थान धोक्यात येई. सोंगाड्याला उजाडल्यावर त्याच गावातून वाट काढावयाची असे. दोघांच्या धाडसाला एकच नाव देणे म्हणूनच न्याय्य नव्हे.

१६६९ साली शेल्डोनियन सभागृहाच्या उद्घाटनप्रसंगी झालेल्या अशा भाषणाविषयी जॉन एव्हलिनने दैनंदिनीत तीव्र नापसंती नोंदविली. १७१३ मध्ये कुलगुरूंनी भाषण होऊच दिले नाही. ते छापून निघाले. १७२१ मध्ये निकोलस ॲमहर्स्टने, ऑक्सफर्डमधून काढून टाकला गेल्यावर, त्याच नावाचे नियतकालिक चालविले. उपहास छापील झाला; सभेतील हशा मात्र गेला. मुंबई राज्यात १९५४ पासून नाट्यप्रयोगांच्या परिनिरीक्षणासाठी मंडळ आले, तेव्हा बतावणीपुढेही कागदाचाच प्रश्न उभा राहिला. बतावणी समोरचा चेहरा पाहून सुचते. मंजुरीसाठी लिहून द्यावी तर नेमके बोचणारे वाक्य त्यात नसतेच. ही अडचण खरी, आणि सोंगाड्याचा बचावही तोच.

महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांतील ‘शेलापागोटे’, अर्थात फिशपाँड, ही विद्यापीठीय परंपरेची आपल्याकडील जवळची शाखा म्हणावी काय? शेला आणि पागोटे हे मानाचे आहेर. त्यांच्या नावाने टवाळीची चिठ्ठी वाचावयाची, ही नामकरणातील वक्रता मोठी मार्मिक आहे. प्रथा तितकी मार्मिक नाही. येथे लक्ष्याचे नाव पुकारले जाते, लेखकाचे गुप्त राहते. आणि बाणाचा रोख प्राचार्यांपेक्षा एखाद्या बुजऱ्या सहाध्यायाकडे, त्यातही विद्यार्थिनीकडे, सहज वळतो. सोंगाड्या तोंडाला रंग फासतो, पण बोलतो सर्वांसमक्ष. चिठ्ठीचा लेखक मागच्या बाकावर बसून आपल्याच कोटीवर इतरांबरोबर हसत असतो.