चेटकाची कारणमीमांसा आणि संशयिताचे स्थान

आदिम मन तर्कपूर्व असते, हे लेव्ही-ब्रूल यांचे मत ज्या ग्रंथाने खिळखिळे केले, तो ई. ई. इव्हान्स-प्रिचर्ड यांचा अझांदे लोकांच्या चेटूक-श्रद्धेवरील ग्रंथ होय. दक्षिण सुदानात १९२६ ते १९३० या काळात केलेल्या क्षेत्रकार्यावर आधारलेला हा ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध झाला. या विषयाच्या मानवशास्त्रीय चर्चेला आजही त्याला वगळून पुढे जाता येत नाही.

त्यातील धान्यकोठाराचे उदाहरण सुप्रसिद्ध आहे. वाळवीने खांब पोखरल्यामुळे कोठार कोसळले आणि माणसे सावलीसाठी त्याखाली बसली होती, हे अझांदे जाणत होते. परंतु नेमकी हीच माणसे खाली असताना ते का कोसळावे? या प्रश्नाचे त्यांचे उत्तर चेटूक हे होते. म्हणजे चेटूक नैसर्गिक कारण नाकारीत नाही. त्याला दुसरे कारण जोडते. हा उलगडा लेखकाने अत्यंत साक्षेपाने केला आहे.

तथापि, हे दुसरे कारण माणसांतच शोधले जाई, आणि त्यासाठी कोंबडीला विष पाजून कौल घेतला जाई. हा कौल प्रौढ, विवाहित पुरुषांच्या हाती होता. स्त्रियांना त्यात जवळजवळ स्थान नव्हते. सामान्य माणूस सत्ताधारी अव्होंगारा कुळातील कोणाचेही नाव कौलापुढे ठेवीत नसे. सामान्यांपैकी धनिक व वजनदार लोकांवरही आरोप क्वचितच होई. वादात अंतिम शब्द राजाच्या कौलाचा असे.

ही सर्व माहिती लेखकानेच नोंदविली आहे. परंतु ती विवेचनाच्या केंद्रस्थानी येत नाही, ही आमची प्रमुख हरकत आहे. कोणी आजारी पडल्यास संशयिताकडे मेलेल्या कोंबडीचा पंख पाठविला जाई. त्याने त्यावर पाण्याची चूळ टाकून, आपल्या ठायी चेटूक असल्यास ते आपणास ठाऊक नाही, असे सांगावयाचे असे. या शिष्टाचाराने तणाव निवळत असे, हे लेखकाचे निरीक्षण यथार्थ आहे. मात्र तो पाळणाऱ्यास आरोपाची शक्यता मान्य करावीच लागे, याचा पुरेसा विचार येथे आढळत नाही.

एखादी श्रद्धा सुसंगत आहे असे दाखविल्याने ती न्याय्य ठरत नाही. पहिली गोष्ट या ग्रंथाने निर्विवादपणे सिद्ध केली. दुसरीचा विचार करू इच्छिणाऱ्या अभ्यासकाने त्यातील प्रत्येक आरोप वाचताना, कौलापुढे कोणाचे नाव ठेवता येत नव्हते, हे आवर्जून पाहावे, असे आम्हास वाटते.