‘सरकारी होती म्हणून बुडाली’ : एका सोप्या उत्तराची तपासणी



मागच्या आठवड्यात पेटची तयारी करणाऱ्या चार-पाच जणांचा आम्ही लॅबमध्येच मॉक इंटरव्ह्यू घेतला. एकीला मी विचारलं, "एअर इंडिया मागे का पडली आणि इंडिगो पुढे का गेली?" हा विषय तिचा नव्हता आणि माझाही नाही, मी रसायनशास्त्रातला. पण असा प्रश्न विचारला की समोरचा माणूस कारण कसं शोधतो, ते लगेच कळतं. तिने क्षणभरही न थांबता उत्तर दिलं, "सोपं आहे दादा, सरकारी होती म्हणून." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मलाही आधी तेच वाटायचं. शिवाय तिला नावं ठेवायचा मला अधिकार नाही, कारण माझा पहिला सिनॉप्सिस आरआरसीमधून परत आला तो अशाच एका ‘म्हणून’मुळे. दोन गोष्टी एकत्र दिसल्या आणि मी एकीला दुसरीचं कारण ठरवून मोकळा झालो होतो. त्यात माझे सहा महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून आज हे एकच वाक्य घेऊन तपासू या. ते अगदीच खोटं नाही. पण संशोधनात ते कितपत टिकतं?

आधी घटनाक्रम

1953 च्या कायद्याने विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. परदेशी मार्ग एअर इंडियाकडे आणि देशातले मार्ग इंडियन एअरलाइन्सकडे गेले. हा कायदा 1994 मध्ये रद्द झाला आणि खासगी कंपन्यांना रस्ता पूर्ण मोकळा झाला. 2003 मध्ये एअर डेक्कनने स्वस्त तिकिटांचा प्रयोग सुरू केला. 2005 मध्ये स्पाइसजेट आणि गोएअर आल्या, ऑगस्ट 2006 मध्ये इंडिगो. 2007 मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र झाल्या. जानेवारी 2022 मध्ये एकत्रित कंपनी टाटा समूहाकडे गेली. विक्रीच्या वेळी तिच्यावर 61 हजार कोटींहून जास्त कर्ज होतं. टाटांनी त्यातलं 15,300 कोटींचं कर्ज स्वीकारलं आणि 2,700 कोटी रोख दिले. उरलेला भार सरकारवर, म्हणजे तुमच्या-माझ्यावर राहिला.

त्यामुळे ‘का बुडाली’ हा नुसता गप्पांचा विषय नाही. कारण चुकीचं सापडलं तर औषधही चुकीचं दिलं जातं, आणि त्याचं बिल लोक भरतात.

पहिली तपासणी : कारण नसतानाही परिणाम दिसतो का?

लॅबच्या भाषेत सांगायचं तर कंट्रोल कुठे आहे? मालक सरकार असणं हे बुडण्याचं कारण असेल, तर मालक सरकार नसलेल्या कंपन्या तरल्या पाहिजेत. प्रत्यक्षात किंगफिशर ऑक्टोबर 2012 मध्ये थांबली. जेट एअरवेज एप्रिल 2019 मध्ये थांबली. गोएअरने गो फर्स्ट या नावाने मे 2023 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. स्पाइसजेट डिसेंबर 2014 मध्ये बंद पडता पडता वाचली. या सगळ्या खासगी.

इथे आपली एक नेहमीची चूक होते. आपण एअर इंडियाची तुलना फक्त इंडिगोशी करतो, कारण इंडिगो जिवंत आहे आणि रोज डोळ्यांसमोर दिसते. बुडालेल्या खासगी कंपन्या तक्त्यात येतच नाहीत. उभ्या राहिलेल्यांकडेच बघून नियम काढायचा, यालाच सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. व्हायवामध्ये हा शब्द नुसता फेकू नका, असं उदाहरण द्या.

दुसरी तपासणी : कारण दोन्हीकडे असलं तर?

दुसरं लोकप्रिय कारण म्हणजे ‘नको तितकी विमानं मागवली’. कॅगने 2011 च्या नागरी विमान वाहतुकीवरच्या अहवालात या खरेदीवर कडक ताशेरे ओढले. दोन्ही सरकारी कंपन्यांनी मिळून 111 विमानं मागवली होती: एअर इंडियाने बोइंगची 68 आणि इंडियन एअरलाइन्सने एअरबसची 43. करार 2005-06 मधले.

आता शेजारची नोंद बघा. 2005 मध्येच इंडिगोने एअरबसकडे 100 विमानं मागवली. तेव्हा तिच्याकडे एकही विमान नव्हतं आणि तिने एकही उड्डाण केलं नव्हतं. म्हणजे ‘खूप विमानं’ हे कारण दोन्हीकडे आहे, पण परिणाम उलटे. मग फरक संख्येत नाही, दुसरीकडे कुठेतरी आहे.

तो दोन ठिकाणी सापडतो. एक, विमानांचा प्रकार. इंडिगोची सगळी मागणी ए320 या एकाच कुटुंबाची होती. वैमानिकांचं प्रशिक्षण एक, इंजिनिअरांचे परवाने एक, सुट्या भागांचं कोठार एक. एअर इंडियाच्या 68 मध्ये तीन वेगवेगळी कुटुंबं होती (777, 787 आणि 737), त्यांतली 50 लांब पल्ल्याची मोठी विमानं, आणि विलीनीकरणानंतर एअरबसही त्यात आली. दोन, पैसा. इंडिगोने विमान ताब्यात आलं की ते भाडेकंपनीला विकायचं आणि तेच भाड्याने घ्यायचं, ही पद्धत वापरली. घाऊक खरेदीतली सूट हाती येते आणि कर्जाचा डोंगर होत नाही. एअर इंडियाची खरेदी जवळजवळ सगळी कर्जावर होती. प्रवासी येवो न येवो, हप्ता चालूच.

तिसरी तपासणी : भागायचं कशाने?

‘स्वस्त कंपनी’ म्हणजे तिकीट स्वस्त, असं आपण धरून चालतो. पण तिकीट कोणीही स्वस्त करू शकतं; तोटा सोसायची तयारी हवी. खरं माप म्हणजे एक सीट एक किलोमीटर नेण्याचा खर्च.

एक काल्पनिक गणित करू. एका फेरीचा खर्च 9 लाख रुपये आहे. विमानात 180 सीट असतील तर दर सीटमागे 5,000 रुपये पडतात. त्याच विमानात पुढे बिझनेस क्लास काढून 150 सीट ठेवल्या तर 6,000. इंधनाचा दर तोच, विमानतळ तोच, वैमानिकही तितकेच, तरी सीटमागे हजार रुपयांचा फरक पडला. आता विमान उतरल्यापासून पुन्हा उडेपर्यंत जमिनीवर कमी वेळ थांबवून दिवसाला एक फेरी वाढवा. भाडं किंवा हप्ता तेवढाच राहतो, पण तो जास्त सीटांवर वाटला जातो. स्वस्त कंपनी जिंकते ती अशी, काउंटरवर नाही.

इथे एक सापळा आहे. विमानाला उड्डाण घेताना खूप इंधन लागतं आणि उतरण्याचं शुल्क दर फेरीला असतं. प्रवास लांबचा असेल तर हा खर्च जास्त किलोमीटरवर पसरतो. म्हणून मुंबई-न्यूयॉर्कचा दर किलोमीटर खर्च मुंबई-नागपूरपेक्षा आपोआप कमी दिसतो. दोन कंपन्यांच्या अख्ख्या ताळेबंदाची सरासरी काढून तुलना केली, तर लांब पल्ल्याची कंपनी आहे त्यापेक्षा काटकसरी वाटेल. तुलना करायची तर मार्ग सारखा आणि विमान सारखं घ्या. दोन बॅचचं उत्पन्न सुरुवातीचं वजन न बघता शेजारी ठेवायचं नाही हे आपण लॅबमध्ये शिकतो, इथेही तेच लागू.

मोहात पाडणारं कारण : 2007

मला स्वतःला सगळ्यात आवडलेलं कारण वेगळं होतं. 2007 मध्ये भारतात तीन मोठे व्यवहार झाले. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र झाल्या, जेटने एअर सहारा घेतली आणि किंगफिशरने एअर डेक्कनमध्ये हिस्सा घेऊन पुढे ती सामावून घेतली. तिघींचे पुढे हाल झाले. इंडिगो या भानगडीत पडली नाही. सरकारी असो की खासगी, एकत्रीकरणाने मारलं! लिहिताना मला फारच बरं वाटलं होतं.

पुरावाही मिळतो. एअर इंडियाचं विलीनीकरण बराच काळ कागदावरच होतं. दोन कंपन्यांच्या वेतनश्रेणी, ज्येष्ठता, बढत्या वेगळ्याच राहिल्या. त्या जुळवायला न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमावी लागली. 2012 मध्ये नव्या ड्रीमलाइनर विमानांचं प्रशिक्षण कोणाला द्यायचं यावरून वैमानिकांच्या एका गटाने 58 दिवसांचा संप केला. विलीनीकरण होऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती.

पण गाईडच्या खुर्चीत बसून बघितलं तर हे कारणही ढिलं पडतं. नमुने फक्त तीन. 2008 मध्ये कच्चं तेल बॅरलमागे 147 डॉलरला टेकलं आणि पाठोपाठ जागतिक मंदी आली, म्हणजे तिघींवर एकाच वेळी दुसराही आघात झाला. शिवाय उलट दिशाही शक्य आहे: ज्यांना आधीच स्पर्धेची धग लागली होती, त्यांनीच एकत्रीकरणाचा आसरा घेतला असेल. मग ते आजाराचं कारण नाही, लक्षण. आणि गो फर्स्टने असा कोणताही व्यवहार केला नव्हता, तरी ती गेलीच.

मग ‘सरकारी’ या शब्दाचं काय करायचं?

शब्द टाकून द्यायचा नाही, फोडायचा. ‘सरकारी’ हे लेबल आहे, यंत्रणा नाही. आतून नेमकं काय घडतं ते सांगा.

हंगेरीचे अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई यांनी सॉफ्ट बजेट कन्स्ट्रेंट ही कल्पना मांडली. तोटा झाला तरी कोणीतरी येऊन भरून देईल अशी खात्री असेल, तर संस्थेची वागणूक बदलते. नाही म्हणण्याची, बंद करण्याची, कमी मागवण्याची धार जाते. एअर इंडियाचा सुरुवातीचा प्रस्ताव 28 विमानांचा होता. तो वाढत 68 वर गेला. मालक, धोरण ठरवणारा आणि मंजुरी देणारा एकाच छताखाली असताना ‘परवडेल का’ हे कोणी ठासून विचारायचं? 2012 मध्ये सुमारे 30 हजार कोटींचं भांडवल टप्प्याटप्प्याने देण्याची योजना मंजूर झाली. कंपनी उडत राहिली आणि कर्जही राहिलं.

या यंत्रणेचा फायदा असा की ती खासगी कंपनीलाही लागू पडते. किंगफिशर अडचणीत होती तेव्हा स्टेट बँकेच्या पुढाकाराने बँकांनी 2010-11 मध्ये तिच्या कर्जाची फेररचना करून दिली. मालक खासगी, पण तोट्याचा भार बऱ्याच अंशी सार्वजनिक बँकांवर. ‘सरकारी’ हा शब्द किंगफिशरपाशी अडतो, कोर्नाईंची कल्पना पुढे जाते. माझ्या मते सध्या टिकणारं उत्तर हे : सीटमागचा खर्च जास्त होता हे मागे पडण्याचं कारण, आणि तो वर्षानुवर्षं जास्तच राहिला याचं कारण म्हणजे निर्णय घेणाऱ्याला तोटा सोसावा लागत नव्हता.

हेही अंतिम नाही. मालकी बदलल्यानंतरही 2024 मध्ये देशातल्या प्रवाशांमध्ये इंडिगोचा वाटा 60 टक्क्यांहून जास्त होता. म्हणून मालकी बदलणं निरुपयोगी ठरलं, असं लगेच लिहू नका. फेब्रुवारी 2023 मध्ये टाटांनी जाहीर केलेली 470 विमानं यायला बरीच वर्षं लागणार आहेत. परिणाम दिसायला वेळ लागतो, तो मोजायच्या आत निष्कर्ष काढला तर तीच जुनी चूक.

आणखी एक गोष्ट राहिली. ‘सरकारी होती म्हणून’ असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कामचुकार कर्मचारी उभा राहतो. वरच्या हिशोबात विमानं कुठली घ्यायची, कर्ज किती काढायचं, दोन कंपन्या कधी जोडायच्या, यातला एकही निर्णय हँगरमधल्या मेकॅनिकने घेतलेला नाही. ढिलं कारण लिहिलं की दोषही भलत्याच माणसाच्या माथी जातो.

आता तुमचं काम. तुमचा सिनॉप्सिस उघडा आणि त्यातली ‘म्हणून’, ‘मुळे’, ‘कारण’ असलेली वाक्यं अधोरेखित करा. प्रत्येकासमोर दोन उदाहरणं लिहा : जिथे कारण नव्हतं तरी परिणाम झाला, आणि जिथे कारण होतं तरी परिणाम झाला नाही. वाक्य मोडलं तर घाबरू नका. आरआरसीत मोडण्यापेक्षा आपल्या टेबलावर मोडलेलं बरं. मॉक इंटरव्ह्यूतल्या त्या मुलीने हे दोन दिवसांत केलं आणि तिची तीन वाक्यं गेली. उरलेल्या एका वाक्यावर ती आता प्रस्ताव लिहिते आहे.