इनामगांवचें उत्खननवृत्त : घरें आणि हाडें

पुणें जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यांत, घोड नदीच्या कांठीं, इनामगांव येथें डेक्कन कॉलेजानें इ. स. १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन केलें. वृत्तान्ताचा मानवी अस्थींविषयींचा खंड ल्यूकॅक्स व वाळिंबे यांनीं १९८६ सालीं, व मुख्य खंड ढवळीकर, सांकळिया व अन्सारी यांनीं १९८८ सालीं प्रसिद्ध केला. ह्या कार्याची थोरवी सर्वमान्य असल्यानें तिच्या वर्णनांत आम्ही जागा खर्चीत नाहीं. निरनिराळ्या शास्त्रांचे पंडित एका कामावर जमले त्यांतून काय निष्पन्न झालें, एवढेंच पाहावयाचें आहे.

हा परिपाठ ह्या संस्थेंत जुनाच. १९३९ सालीं तिचें संशोधनसंस्था म्हणून पुनरुज्जीवन झालें तेव्हां पुरातत्त्वाचे सांकळिया व समाजशास्त्राच्या इरावतीबाई कर्वे हीं एके ठिकाणीं आलीं. गुजराथेंतील लांघणज येथील मानवी अवशेषांवर दोघांनीं मिळून १९४५ व १९४९ सालीं लिहिलें. तेथें एका लेखावर दोन नांवें आहेत. इनामगांवीं खंडच दोन झाले, आणि हा फरक केवळ बांधणीचा नव्हे.

ढवळीकरांचें प्रतिपादन असें कीं, पूर्व-जोर्वे काळांतील प्रशस्त चौकोनी घरें जाऊन उत्तर-जोर्वे काळांत, म्हणजे सुमारें इ. स. पू. १००० नंतर, लहान वर्तुळाकार झोंपड्या आल्या. पर्जन्य घटला, शेती खालावली, वस्तीस दारिद्र्य आलें. झोंपडीवरून दारिद्र्य ताडणें एक वेळ चालेल; परंतु त्या दारिद्र्याचें कारण अवर्षण, हें जोत्यावरून कसें कळावें? उपासमारीची साक्ष दांतांत व हाडांत असते, आणि घरांच्या जमिनीखालीं कुंभांत पुरलेलीं बालकें येथें विपुल सांपडलीं. ती साक्ष निराळ्या खंडांत गेल्यामुळें दोहोंची समोरासमोर उलटतपासणी व्हावी तितकी झाली नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

ती पुढें झाली, आणि एका विद्यार्थिनीच्या हातून. ग्वेन रॉबिन्स शुग यांनीं ल्यूकॅक्स यांच्याच ओरेगॉन विद्यापीठांत २००७ सालीं सादर केलेल्या प्रबंधासाठीं नेवासें, दायमाबाद व इनामगांव येथील बालकांच्या अस्थी तपासल्या, व २०११ सालच्या ग्रंथांत अवर्षणाच्या सरळ कारणमीमांसेस हरकत घेतली. वादाचा निकाल कोणत्याहि बाजूस लागो. उत्खनकांनीं कुंभाकुंभाचा थर नोंदून हाडें जपलीं नसतीं तर हा वादच उभा राहता ना. (दफ्तर राखणारा एक व वाचणारा दुसरा, हा अनुभव कागदपत्रें चाळणाऱ्या आमच्या वाचकांस नवा नाहीं.) आपल्याच गुरुजनांच्या सिद्धान्तावर त्यांच्याच साधनांनीं प्रश्न उभा राहिला, ह्यांत आम्हांस त्या गुरुजनांचें यश दिसतें.

तथापि त्यास वीस वर्षें कां लागावीं? विद्यापीठांनीं अशा कामांतील विद्यार्थ्यास दोन विभागांतून दोन मार्गदर्शक द्यावे. अस्थी, धान्य व खापर ह्यांवर लिहिणाऱ्यांनीं निष्कर्षाचें प्रकरण लिहिलें जाण्यापूर्वीं परस्परांचे खर्डे वाचावे. आणि मतभेद उरल्यास तो परिशिष्टांत न ढकलतां त्याच प्रकरणांत छापावा.