खात्री नसेल तर ‘नाही’ म्हणा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सोनिवलीत आमच्याकडे अकरावी-बारावीचे पाच विद्यार्थी रोज सकाळी जमत असत. मध्ये उल्हासनगरहून आणलेला एक जुना संगणक आणि ठरवलेले काम एकच : लिनक्स या खुल्या कार्यप्रणालीचा कर्नल स्वतःच्या हाताने जुळवायचा आणि त्यावर संगणक सुरू करून दाखवायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कर्नल तयार झाला. संगणक बंद करून पुन्हा चालू केला, काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावल्या आणि एका ओळीवर येऊन सारे थांबले. मूळ फाइल सिस्टिम जोडता येत नाही, असे ती ओळ सांगत होती. शेवटी कंसात दोन आकडे होते : ८, १.

मुले हिरमुसली. आपण कुठेतरी घाई केली असे त्यांना वाटले. आम्ही त्यांच्याबरोबर सगळा प्रवास उलट तपासला, तेव्हा लक्षात आले की त्यांनी चूक केलीच नव्हती. कर्नलबरोबर जी सूचना छापून येते ती त्यांनी अक्षरशः पाळली होती. म्हणून हे परीक्षण मुलांचे नसून त्या सूचनांचे आहे.

थोडे मागे जाऊ. ‘कर्नल’ म्हटल्यावर आमच्यातल्या एकाला लष्करातले अधिकारी आठवले. येथे त्याचा अर्थ गाभा किंवा गर. आपण संगणकावर जे लिहितो, पाहतो, ऐकतो ते करणाऱ्या आज्ञावल्या आणि प्रत्यक्ष यंत्र यांच्यामध्ये हा गाभा असतो. स्मृती कोणाला किती द्यायची, डिस्कवर काय कोठे लिहायचे, कळ दाबली गेली हे कोणाला कळवायचे, हे सगळे तो ठरवतो. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा कर्नल लिहायला घेतला आणि त्याचा मूळ मजकूर सर्वांना खुला ठेवला. मूळ मजकूर हातात असल्यामुळे त्यातले काय घ्यायचे आणि काय वगळायचे हे आपल्याला ठरवता येते. यालाच आम्ही जुळणी म्हणतो.

जुळणी म्हणजे प्रश्नोत्तरे. अमुक प्रकारची डिस्क वापरणार का? अमुक ध्वनिपट्टी? अमुक जाळे? बऱ्याच प्रश्नांना तीन उत्तरे असतात : ‘होय’, म्हणजे हा भाग गाभ्यातच घाला, ‘नाही’, म्हणजे वगळा, आणि ‘एम’, म्हणजे मॉड्यूल म्हणून वेगळा बनवा, लागेल तेव्हा डिस्कवरून उचलता येईल. असे पर्याय आज दहा हजारांच्या वर आहेत. केवळ होय-नाही असे ३३ स्वतंत्र प्रश्न घेतले तरी उत्तरांच्या जुळण्या ८५८ कोटींहून अधिक होतात, म्हणजे पृथ्वीवरच्या माणसांपेक्षा जास्त. (घातांकांच्या तासाला हे उदाहरण जरूर वापरावे.) तेव्हा नवख्याला कोणी तरी हात धरून नेले पाहिजे, आणि हे काम प्रत्येक प्रश्नाला जोडलेल्या मदत-मजकुराचे आहे.

या मदत-मजकुराचे एक पालुपद आहे : खात्री नसेल तर ‘नाही’ म्हणा. काही ठिकाणी ते ‘होय म्हणा’ असेही असते, पण ‘नाही’ची संख्या मुलांच्या डोळ्यांत भरली. दोन दिवसांत ते त्यांना पाठ झाले आणि चहाला विचारले तरी तेच उत्तर येऊ लागले.

आता आमच्या आठ-एककडे वळू. ८ हा डिस्कच्या वर्गाचा क्रमांक आणि १ हा तिच्यावरच्या पहिल्या भागाचा. म्हणजे कर्नलला डिस्क दिसत होती, पहिला भागही दिसत होता, पण त्यावर कोणत्या पद्धतीने लिहिले आहे ते त्याला वाचता येत नव्हते. (तेथे ०, ० असते तर डिस्कच सापडली नाही, असे समजायचे. इतक्या त्रोटक संदेशात एवढे निदान भरलेले असते, ही गोष्ट आम्हाला फार आवडली.) आमची डिस्क एक्स्ट-४ या पद्धतीची होती. त्या पर्यायाचा मदत-मजकूर उघडला. आम्ही वापरलेल्या आवृत्तीत त्याची शेवटची ओळ हीच : खात्री नसेल तर ‘नाही’ म्हणा. ज्या मुलीने हा विभाग घेतला होता तिला खात्री नव्हती. तिने ‘नाही’ म्हटले.

ही ओळ तेथे कशी आली असावी, याचा अंदाज करता येतो. एक्स्ट-४ ही पद्धत नवी होती तेव्हा, २००६ ते २००८ या काळात, ती प्रायोगिक मानली जाई. अनोळखी पद्धतीत आपल्या फायली कोणी अडकवून घेऊ नयेत म्हणून ‘नाही’ हा सल्ला तेव्हा योग्यच होता. २००८ च्या अखेरीस २.६.२८ या आवृत्तीत ती पक्की ठरली. पुढे असंख्य संगणकांवर तीच मूळ फाइल सिस्टिम झाली. परिस्थिती उलटली, ओळ मात्र राहिली. पाठ्यपुस्तकातही हे होते. धडा बदलतो आणि धड्याखालचा स्वाध्याय जुनाच राहतो. त्याचा त्रास धडा येणाऱ्याला होत नाही, न येणाऱ्यालाच होतो.

याच यादीत थोड्या अंतरावर एक्सएफएस नावाची दुसरी फाइल सिस्टिम आहे. तिचा मदत-मजकूर पाहा. मूळ डिस्क या पद्धतीची असेल आणि तुम्ही ती मॉड्यूल म्हणून बनवलीत, तर संगणक सुरू होण्यासाठी सुरुवातीची तात्पुरती स्मृती-डिस्क लागेल, असे तो स्पष्ट बजावतो. हे का, ते मुलांना एका वाक्यात कळले. मॉड्यूल डिस्कवर असते आणि डिस्क वाचायला तेच मॉड्यूल लागते, म्हणजे ट्रंकेची किल्ली ट्रंकेतच ठेवून वर कुलूप लावण्यासारखे. तात्पुरती स्मृती-डिस्क म्हणजे बाहेर ठेवलेली दुसरी किल्ली. (आम्ही प्रयोग सोपा राहावा म्हणून ती मुद्दाम वापरली नव्हती.) एक्स्ट-४ च्या मजकुरात हा इशारा नाही. एकाच घरात दोन शेजारी : एक पायरी दाखवतो, दुसरा दाखवत नाही.

असे होण्याचे एक कारण आमच्या मते इतिहासात आहे. २.४ या आवृत्तीपर्यंत सगळा मदत-मजकूर एकाच भल्यामोठ्या फाइलीत असे. त्या वेळच्या एक्स्ट-२ या पद्धतीच्या नोंदीत मूळ डिस्कबद्दलचा धोका सांगितलेला होता. पुढे २००२ च्या अखेरीस रोमन झिपेल यांची नवी जुळणी-भाषा स्वीकारली गेली आणि मजकूर ज्या त्या विभागाच्या फाइलीत विखुरला. जो ड्रायव्हर लिहितो त्यानेच मदतही लिहायची, ही व्यवस्था कामाच्या दृष्टीने उत्तम आहे. पण सगळे सलग वाचणारा संपादक त्यात उरत नाही.

त्याच सुमारास आणखी एक वाद झाला होता आणि तो आजही वाचण्यासारखा आहे. एरिक रेमंड यांनी जुळणीची एक पर्यायी पद्धत लिहिली होती. त्यांचा आग्रह असा, की कर्नलची जुळणी टिली नावाच्या कल्पित मावशीलाही जमली पाहिजे. यंत्राने स्वतः आपले भाग ओळखावेत, मावशीने फक्त होकार द्यावा. विरोधकांचे म्हणणे असे, की मावशीने कर्नल जुळवायचाच कशाला? तिला तयार मिळतो. रेमंड यांची पद्धत स्वीकारली गेली नाही. आम्हाला दोन्ही बाजूंचे थोडे थोडे पटते आणि दोन्हींबद्दल तक्रारही आहे. मावशीला कर्नल जुळवायचा नसतो हे खरे, आणि तज्ज्ञाला मदत लागत नाही हेही खरे. पण या दोघांच्या मध्ये शिकणारा उभा आहे. त्याला काम उरकायचे नसते, आत काय आहे ते पाहायचे असते. त्याच्यासाठी ‘नाही म्हणा’ हे उत्तर निरुपयोगी आणि ‘यंत्रच ओळखेल’ हेही तितकेच निरुपयोगी.

तरीही या प्रश्नावलीत शिकण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते तिच्या तर्कशास्त्रात आहे. आपण शाळेत सत्य-असत्य असे दोन मूल्यांचे तर्कशास्त्र शिकवतो. येथे मूल्ये तीन : ‘नाही’ म्हणजे ०, ‘एम’ म्हणजे १, ‘होय’ म्हणजे २. ‘आणि’ म्हणजे दोहोंतले लहान, ‘किंवा’ म्हणजे दोहोंतले मोठे, आणि नकार म्हणजे २ मधून वजा करणे. एवढ्यावर सगळा डोलारा उभा आहे. एक पर्याय दुसऱ्यावर अवलंबून असेल, तर दुसऱ्याच्या मूल्याहून वर त्याला जाता येत नाही.

आमचा पेन ड्राइव्हचा घोळ येथे उलगडला. एका मुलाला त्याचा ड्रायव्हर गाभ्यातच हवा होता. तो कळ दाबत राहिला, पण चांदणी काही येईना, ‘एम’च येई. कारण हा ड्रायव्हर स्कझी नावाच्या विभागावर अवलंबून आहे आणि तो विभाग १ वर होता. पेन ड्राइव्हला स्कझी कशाला, असे त्याने विचारले. पेन ड्राइव्ह संगणकाशी त्या जुन्या डिस्कच्या आज्ञांच्या भाषेतच बोलतो, हे उत्तर. मदत-मजकुरात याची टीप आहे, पण ‘का’ नाही.

अवलंबित्वाची दुसरी बाजू जास्त त्रासदायक. ज्या पर्यायाची पूर्वअट पुरी नसते तो यादीत दिसतच नाही. दिसत नसलेल्या गोष्टीची मदत वाचणार कशी? अर्धा तास शोधून झाल्यावर आम्ही मुलांना तिरप्या रेघेची कळ दाखवली. तिने नावावरून शोध घेता येतो आणि कोणती अट अडली आहे तेही कळते. ‘झेड’ दाबल्यास लपलेले पर्यायही दिसतात. नवख्याला पहिल्या पाच मिनिटांत लागणाऱ्या या दोन कळा आहेत.

पुस्तकांपैकी आम्ही ग्रेग क्रोआ-हार्टमन यांचे ‘लिनक्स कर्नल इन अ नटशेल’ हे २००६ चे छोटे पुस्तक वापरले. लेखक स्वतः कर्नलच्या प्रमुख कर्त्यांपैकी आहेत आणि पुस्तक विनामूल्य उपलब्ध आहे. सर्वाधिकार घेऊन कर्नल बांधू नका, हा त्यांचा आग्रह मुलांना पहिल्याच दिवशी सांगावा असा आहे. त्यातला उत्तम भाग म्हणजे चालू संगणकातल्या एखाद्या उपकरणापासून निघून त्याचा ड्रायव्हर, मग मॉड्यूल आणि शेवटी जुळणीतला पर्याय, असा माग काढण्याची रीत. हे खरे प्रयोगशाळेतले काम आहे. आमच्या मुलांनी जाळ्याच्या पट्टीचा माग असाच काढला आणि तेवढा एक पर्याय त्यांनी खात्रीने भरला. उत्तरार्धातली पर्यायांची सूची मात्र आम्हाला कंटाळवाणी वाटली, आणि पुस्तक २.६.१८ या आवृत्तीचे असल्याने ती आता जुनीही झाली आहे. चालू असलेल्या मॉड्यूलांवरूनच जुळणी छाटून देणारी ‘लोकलमॉडकॉन्फिग’ ही सोय २००९ ची, म्हणून ती त्यात नाही. ही सोय वापरताना सगळी उपकरणे आधी जोडून ठेवावी लागतात. आम्ही एकदा पेन ड्राइव्ह जोडायला विसरलो आणि त्याचा ड्रायव्हरच गळाला.

राहिला भाषेचा प्रश्न. जुळणीच्या कार्यक्रमात भाषांतराची सोय एके काळी होती. फारसे कोणी वापरत नाही म्हणून २०१८ साली ती काढून टाकली गेली. कर्नलच्या दस्तऐवजांची चिनी, जपानी, कोरियन, इटालियन, स्पॅनिश भाषांतरे आहेत, मराठी नाही. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्स वापरायला शिकवणारे पाठ मराठीत आणले आहेत आणि शाळांनी ते अवश्य घ्यावेत. पण वापरणे आणि जुळवणे यांत अंतर आहे. आम्हाला स्वतःला दहा हजार नोंदींचे भाषांतर व्हावे असे वाटत नाही. ‘खात्री नसेल तर’ हे मराठीत आणून खात्री वाढणार नाही.

चांगली नोंद कशी असते, याचे उदाहरण त्याच ढिगात सापडते. कर्नलच्या घड्याळाने सेकंदाला किती ठोके द्यावेत, यासाठी १००, २५०, ३०० आणि १००० असे पर्याय आहेत. हा ३०० मध्येच कोठून आला? मजकूर सांगतो की युरोपीय आणि अमेरिकी या दोन्ही दूरचित्रवाणी पद्धतींच्या चित्रवेगाने ३०० ला पूर्ण भाग जातो. बारावीच्या मुलाने लगेच कागद घेतला : २५ ने भागल्यास १२, ३० ने भागल्यास १०. (अमेरिकी वेग प्रत्यक्षात तिसाहून किंचित कमी असतो, हे आम्ही नंतर सांगितले.) एका वाक्यात निवड, कारण आणि सामाईक विभाज्य.

दुसरा कर्नल सुरू झाला. सुट्टीच्या उरलेल्या दोन दिवसांत मुलांनी वहीत आपल्या मराठीत मदत-मजकूर लिहायला घेतला, फक्त आपल्या संगणकाला लागलेल्या पर्यायांचा. ज्या मुलीने ‘नाही’ म्हटले होते तिच्याकडे एक्स्ट-४ आले. तिने लिहिले : ‘आधी माउंट ही आज्ञा देऊन मूळ डिस्क कोणत्या प्रकारची आहे ते पाहा. एक्स्ट-४ असेल तर होय म्हणा. एम म्हणायचे असेल तर किल्ली बाहेर ठेवली आहे का ते तपासा.’ एकूण २३ नोंदी झाल्या. स्कझीची अजून रिकामी आहे, तिच्यावर दोघांचे एकमत होत नाही.