पर्यायी लीगचे कथन : अमेरिकन फुटबॉल आणि दूरचित्रवाणी

१

साहित्याच्या तौलनिक अभ्यासात ‘संहिता’ ही संज्ञा छापील पुस्तकापुरती मर्यादित राहिलेली नाही. रोलाँ बार्थ यांच्या ‘मायथॉलॉजीज’ (१९५७) या ग्रंथातील पहिलाच लेख व्यावसायिक कुस्तीवर आहे, आणि रेमंड विल्यम्स यांनी दूरचित्रवाणीवरील आपल्या १९७४ च्या पुस्तकात ‘प्रवाह’ ही संकल्पना मांडून एकेका कार्यक्रमाऐवजी प्रक्षेपणाची अखंड मालिका हीच वाचनाची वस्तू मानली. क्रीडाप्रक्षेपण हे कथन आहे, त्याला निवेदक असतो, दृष्टिकोन असतो आणि शेवट असतो, हे त्यामुळे आता वेगळे सिद्ध करावे लागत नाही. तथापि ही चर्चा बहुधा प्रस्थापित स्पर्धांभोवतीच फिरते. जी स्पर्धा प्रस्थापिताला पर्याय म्हणून उभी राहिली आणि थोड्याच काळात मावळली, तिच्या कथनाचे काय होते, हा प्रश्न मागे राहतो.

या प्रश्नाच्या विचारासाठी अमेरिकन फुटबॉलइतके समृद्ध उदाहरण क्वचितच सापडेल. १९२० मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल फुटबॉल लीगला, म्हणजे एनएफएलला, गेल्या सहा दशकांत अनेक पर्याय उभे राहिले. त्यांतील एक एनएफएलमध्ये विलीन झाला, बाकीचे बुडाले किंवा परस्परांत मिसळले. या घटनाक्रमाचे आर्थिक विवेचन विपुल झाले आहे. प्रस्तुत विवेचनाचा रोख वेगळा आहे. पर्यायी लीग स्पर्धा म्हणून हरल्या, परंतु त्यांच्या कथनरीती टिकल्या. आणि ज्या प्रस्थापिताने त्या रीती आत्मसात केल्या, त्याच्या कथनात या रीतींसाठी किंमत मोजणाऱ्यांची नोंद उरली नाही.

२

अमेरिकन फुटबॉल लीगचा (एएफएल) खेळ १९६० मध्ये सुरू झाला. तिने एबीसी या नेटवर्कशी जो करार केला, त्यात प्रक्षेपणाचे उत्पन्न सर्व संघांनी समान वाटून घ्यावे अशी तरतूद होती. एनएफएलचे संघ तोवर आपापले हक्क स्वतंत्रपणे विकत असत. १९६१ च्या क्रीडाप्रक्षेपण कायद्यानंतर एनएफएलनेही सामूहिक विक्रीचाच मार्ग धरला. कथनाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, सुटे सामने आता एका मोठ्या कथेची प्रकरणे झाली. याच लीगने खेळाडूचे आडनाव जर्सीच्या पाठीवर छापले. मैदानातील प्रेक्षकापेक्षा पडद्यासमोरच्या प्रेक्षकाला त्याची अधिक गरज होती. शिरस्त्राणाखाली चेहरा झाकलेल्या या खेळात पात्राला नाव मिळाले ते असे. १९७० मध्ये दोन्ही लीगचे विलीनीकरण पूर्ण झाले आणि ही प्रथा एनएफएलची झाली.

एएफएलच्या प्रक्षेपणातील सर्वांत अर्थपूर्ण प्रसंग मात्र १७ नोव्हेंबर १९६८ चा आहे. ओकलंड येथील सामन्यात न्यूयॉर्क जेट्स ३२–२९ असे पुढे असताना, खेळ संपायला एक मिनिटाच्या आसपास वेळ उरला होता. संध्याकाळचे सात वाजताच एनबीसीने देशाच्या पूर्व भागातील प्रेक्षकांसाठी सामना तोडला आणि ठरल्याप्रमाणे ‘हायडी’ हा चित्रपट सुरू केला. उरलेल्या वेळात ओकलंड रेडर्सने दोन टचडाउन करून सामना ४३–३२ असा जिंकला. संतप्त प्रेक्षकांच्या दूरध्वनींनी नेटवर्कची यंत्रणा कोलमडली. पुढे सामना संपेपर्यंत प्रक्षेपण न तोडण्याचे धोरण रूढ झाले.

हा प्रसंग केवळ गमतीदार म्हणून सांगितला जातो. साहित्याभ्यासकाने त्याकडे अधिक गांभीर्याने पाहावयास हवे. योहाना स्पायरी यांच्या एकोणिसाव्या शतकातील अभिजात बालकादंबरीवर आधारलेली कथा आणि सुरू असलेला सामना येथे एकमेकांसमोर आले. पहिल्या कथेचा शेवट हजारो वाचकांना ठाऊक होता, दुसरीचा कोणालाच नव्हता. विल्यम्स यांच्या परिभाषेत सांगायचे तर ‘प्रवाह’ या दोहोंत भेद करीत नाही. वेळापत्रकाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच तुकडे होत. प्रेक्षकांनी मात्र तो भेद केला. अनिश्चित शेवट हाच या कथनप्रकाराचा प्राण आहे, आणि तो ऐकण्याचा प्रेक्षकाला हक्क आहे, हे तत्त्व या प्रकारे मान्य झाले. ते मान्य झाले ते पर्यायी लीगच्या सामन्यामुळे, ही गोष्ट सहसा विस्मरणात जाते.

३

युनायटेड स्टेट्स फुटबॉल लीगने (यूएसएफएल) १९८३ पासून वेगळा मार्ग निवडला. अमेरिकन फुटबॉल हा शरद ऋतूतला खेळ. या लीगने तो वसंतात आणला. एबीसीने दोन वर्षांसाठी १ कोटी ८० लाख डॉलर दिले, आणि १९७९ मध्ये सुरू झालेल्या ईएसपीएन या तरुण वाहिनीनेही करार केला. ऋतूची ही निवड प्रस्थापिताशी संघर्ष टाळणारी होती आणि म्हणूनच विवेकी होती. पर्यायाने स्वतःसाठी स्वतंत्र काळ निर्माण केला होता. तथापि १९८४ मध्ये संघमालकांनी १९८६ पासून शरदात खेळण्याचे ठरवले. न्यूजर्सी जनरल्स या संघाचे मालक डोनाल्ड ट्रम्प हे या मताचे प्रमुख पुरस्कर्ते होते. त्याबरोबरच एनएफएलवर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा दाखल झाला.

२९ जुलै १९८६ रोजी लागलेला निकाल सुप्रसिद्ध आहे. व्यावसायिक फुटबॉलमध्ये एनएफएलची मक्तेदारी असल्याचे ज्यूरीने मान्य केले, परंतु दूरचित्रवाणीविषयीचे आरोप फेटाळले. नुकसानभरपाई ठरली एक डॉलर. कायद्यानुसार ती तिप्पट होऊन तीन डॉलर झाली. शरदातला तो हंगाम कधी खेळलाच गेला नाही. ज्या लीगने स्वतंत्र काळात स्वतःचे कथन उभे केले होते, तिचे अखेरचे प्रकरण पडद्यावर नव्हे तर न्यायालयात लिहिले गेले. पर्यायाने प्रस्थापिताचाच काळ मागितला, तेव्हा त्याचे पर्यायीपण संपले.

४

यानंतरचे उदाहरण २००१ च्या एक्सएफएलचे. एनबीसीने १९९८ मध्ये एनएफएलचे हक्क गमावले होते. कुस्तीच्या व्यवसायातील विन्स मॅकमोहन आणि एनबीसीचे डिक एबरसोल यांनी मिळून ही लीग उभारली. ३ फेब्रुवारी २००१ च्या पहिल्या सामन्याला ९.५ इतके रेटिंग मिळाले. मार्चअखेर ते १.५ पर्यंत खाली आले. एका हंगामानंतर, मे महिन्यात, लीग बंद झाली.

येथे बार्थ यांची आठवण अपरिहार्य आहे. त्यांच्या मते कुस्तीचा प्रेक्षक निकालाकडे पाहत नाही. तो वेदना, अन्याय आणि शिक्षा यांच्या स्पष्ट वाचनीय चिन्हांकडे पाहतो. एक्सएफएलने ही चिन्हव्यवस्था अशा खेळावर आरोपित केली, ज्याचा प्रेक्षक निकालासाठीच बसलेला असतो. मिनेसोटाचे तत्कालीन गव्हर्नर आणि माजी कुस्तीगीर जेसी व्हेंचुरा हे समालोचक होते. प्रशिक्षक रस्टी टिलमन यांना समालोचनातून डिवचून वैर उभे करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला, कारण टिलमन यांनी प्रतिसादच दिला नाही. कुस्तीत दोन्ही पात्रांना संहिता ठाऊक असते. येथे एका पात्राने भूमिका नाकारली. निवेदकाची सत्ता कोठे संपते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे अवघड आहे.

दुसरे उदाहरण अधिक वेदनादायक आहे. नाणेफेकीऐवजी दोन खेळाडूंनी चेंडूकडे धाव घेऊन झटापट करावी, अशी योजना या लीगने केली. पहिल्याच आठवड्यात ऑर्लंडो संघाच्या एका खेळाडूचा खांदा या झटापटीत निखळला. खेळ सुरू होण्यापूर्वीची ही दुखापत खेळाच्या गरजेतून झाली नव्हती. ती कथनाच्या गरजेतून, प्रारंभ नाट्यमय करण्याच्या हव्यासातून झाली होती. चिन्हाची वेदना आणि शरीराची वेदना यांतील अंतर बार्थ यांच्या कुस्तीत राखले जाते. येथे ते पुसले गेले.

याच लीगमध्ये खेळाडूला क्षणभर लेखकही होता आले. जर्सीवर आडनावाऐवजी हवे ते लिहिण्याची मुभा होती, आणि लास व्हेगासच्या रॉड स्मार्ट यांनी लिहून घेतले : ‘ही हेट मी’. मराठीत ‘तो माझा द्वेष करतो’ असे भाषांतर अर्थ पोचवते, पण आवाज हरवते. क्रियापदाचा प्रत्यय गाळणारे ते रूप आफ्रिकन-अमेरिकन बोलीचे आहे. मराठीत प्रमाण वाक्यरचना वापरताच ते शिष्ट होते. शिवाय त्यातील ‘तो’ कोण, हे सांगितलेले नाही. तो प्रतिस्पर्धी असेल, प्रशिक्षक असेल, किंवा वाचणारा प्रेक्षकही असेल. एएफएलने पाठीवर छापलेले नाव ओळख पटवण्यासाठी होते. चार दशकांनंतर त्याच जागी ओळखीऐवजी एक तक्रार आली, आणि लीगच्या साऱ्या गदारोळात लोकांच्या स्मरणात राहिले ते हेच तीन शब्द.

तारांवरून मैदानावर फिरणारा कॅमेरा एक्सएफएलने शोधला नव्हता. ते तंत्र १९८० च्या दशकापासून उपलब्ध होते. परंतु त्याला प्रक्षेपणाचा नित्याचा दृष्टिकोन बनवण्याचे काम या लीगने केले, आणि नंतर एनएफएलच्या प्रक्षेपणात तो सर्रास दिसू लागला. क्वार्टरबॅकच्या मागून, वरून पाहणारी ही नजर आज ‘स्वाभाविक’ वाटते. तिचे मूळ विस्मरणात गेले, हेच तिच्या यशाचे प्रमाण होय.

५

एएफएलच्या वेळी एबीसी हे तिन्ही नेटवर्कांतील दुबळे नेटवर्क होते. एक्सएफएलच्या मागे हक्क गमावलेले एनबीसी होते. क्रिकेटकडे पाहिले तर हीच रचना पुन्हा दिसते. ऑस्ट्रेलियात प्रक्षेपणाचे हक्क नाकारले गेल्यावर केरी पॅकर यांनी १९७७ मध्ये वर्ल्ड सीरिज क्रिकेट सुरू केले. भारतात हक्क न मिळालेल्या झी समूहाने २००७ मध्ये इंडियन क्रिकेट लीग काढली. रंगीत पोशाख व प्रकाशझोतातील सामने प्रस्थापित क्रिकेटने स्वीकारले. इंडियन क्रिकेट लीग २००९ मध्ये संपली, तिच्यात खेळलेल्यांना नियामक मंडळाच्या बंदीला तोंड द्यावे लागले, आणि शहरांच्या संघांची वीस षटकांची लीग हे रूप मात्र २००८ पासून प्रस्थापिताचे झाले. नाकारलेला प्रक्षेपक स्वतः कर्ता होतो, असे सूत्र येथे मांडता येते. यूएसएफएल या सूत्रात नीट बसत नाही, कारण एबीसीकडे एनएफएलचे सोमवारचे सामने आधीपासून होते. सूत्राची ही मर्यादा लक्षात ठेवलेली बरी.

मराठी अभ्यासकाला येथे साठोत्तरी अनियतकालिकांची चळवळ आठवणे स्वाभाविक आहे. तीही प्रस्थापित व्यासपीठांविरुद्ध उभी राहिली, अल्पजीवी ठरली, आणि तिची भाषा पुढे मुख्य प्रवाहाने पचवली. परंतु साम्य येथेच थांबते. अनियतकालिकांनी बाजार नाकारला होता. पर्यायी लीग बाजाराचेच अपत्य आहेत. अनियतकालिकांच्या लेखकाला स्वतःचा शब्द होता. लीगच्या खेळाडूला, स्मार्ट यांच्यासारखा अपवाद वगळता, तो नाही.

अलीकडच्या काळात ही दरी वाढली आहे. २०१९ च्या अलायन्स ऑफ अमेरिकन फुटबॉलने पंचांचा पुनर्विचार प्रेक्षकांना थेट ऐकवला; निवेदनातील एक बंद दार उघडले. ती लीग आठ आठवड्यांत थांबली. २०२२ मध्ये पुनरुज्जीवित झालेल्या यूएसएफएलची मालकी फॉक्सकडेच होती, आणि आठही संघांचे साखळी सामने बर्मिंगहॅम या एकाच शहरात झाले. शिरस्त्राणावरच्या आणि ड्रोनवरच्या कॅमेऱ्यांनी दृश्य कधी नव्हे इतके जवळ आणले. ज्या शहरांची नावे संघांना होती, ती शहरे मात्र बहुतांशी अनुपस्थित होती. याचे एक पूर्वरूप भारताशी निगडित आहे. एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियाचा पहिला हंगाम २०१२ मध्ये कोलंबोत खेळला गेला आणि तो दूरचित्रवाणीसाठी होता. त्यात ‘पुणे मराठाज’ या नावाचा संघ होता. पुण्याचे नाव, मराठ्यांचे नाव, आणि मैदान श्रीलंकेतले : स्थळ येथे कथेतील एक विशेषण झाले होते.

एक्सएफएल आणि यूएसएफएल यांच्या विलीनीकरणातून २०२४ मध्ये युनायटेड फुटबॉल लीग सुरू झाली. पर्यायी लीगचे यश मोजताना रेटिंग आणि ताळेबंद यांचा विचार होत राहील, आणि तो होणे योग्यच आहे. साहित्याभ्यासकाचे काम मात्र त्यापलीकडचे आहे. प्रस्थापिताच्या पडद्यावर जे आज सहज वाटते, ते कोणाकडून आले आणि त्यासाठी कोणाचा खांदा निखळला, हे वाचता येणे, हाच अशा संहितांच्या अभ्यासाचा हेतू होय.